पार्लस म्हणजे काय? धोका सांगणाऱ्या एका दुर्मीळ इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि योग्य वापर

इंग्रजी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत आणि अर्थविषयक लेखांत 'पार्लस' हा शब्द अधूनमधून दिसतो. सोशल मीडियावर कुणी तो वापरला की खाली लगेच प्रश्न येतो, याचा अर्थ काय? भाषांतराच्या ॲपमध्ये टाकला तर बहुधा 'धोकादायक' असे उत्तर मिळते. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. रसायनाच्या पिंपावर, विजेच्या खांबावर किंवा घाटातल्या वळणावर हा शब्द कधीच लिहिलेला दिसत नाही. तो दिसतो बँकेच्या, संस्थेच्या, नदीच्या किंवा एखाद्या धंद्याच्या अवस्थेबद्दल बोलताना.

धोका सांगणारे इंग्रजी शब्द बरेच आहेत आणि मराठीत त्या सगळ्यांना 'धोकादायक' हा एकच शब्द लावण्याची सवय झाली आहे. त्यामुळे कोणता धोका मोजून सांगितला आहे आणि कोणता लिहिणाऱ्याचे मत आहे, हा फरक पुसला जातो. पालघर आणि बोईसर यांच्यामधल्या उमरोळीसारख्या गावात राहणाऱ्यांना हा फरक माहीत असणे उपयोगाचे आहे. एका बाजूला वर्दळीचा रेल्वेमार्ग, जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत, पलीकडे अणुवीज केंद्र आणि पश्चिमेला समुद्र. धोक्याचे जवळजवळ सगळे इंग्रजी शब्द या एकाच पट्ट्यात रोजच्या वापरात आहेत.

थोडक्यात अर्थ

पार्लस हे विशेषण आहे. अर्थ असा: अवस्था इतकी बिघडलेली की पुढे काय होईल याची काळजी वाटावी. धोका आहे, पण तो अचानक अंगावर येणारा नाही. स्थिती हळूहळू खालावत गेली आहे, सावरले नाही तर कोसळेल, असा त्याचा रोख असतो.

जवळचे मराठी शब्द: शोचनीय, बिकट, चिंताजनक, हलाखीची, डबघाईला आलेली.

स्पेलिंग आणि उच्चार

स्पेलिंग आहे पी-ए-आर-एल-ओ-यू-एस. अमेरिकन उच्चार 'पार्लस'. ब्रिटिश उच्चारात 'र' जवळजवळ ऐकू येत नाही, 'पा' लांबतो आणि शब्द 'पाऽलस' असा ऐकू येतो. शेवटच्या ओ-यू-एसचा उच्चार 'अस' होतो, जसा फेमस किंवा सीरियसमध्ये होतो. 'पार्लर' किंवा 'पार्लमेंट' या शब्दांशी त्याचा संबंध नाही. ते दोन्ही 'बोलणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आले आहेत.

हा शब्द आला कुठून?

पार्लस हा मुळात वेगळा शब्द नव्हता. 'पेरिलस' म्हणजे संकटांनी भरलेला, या शब्दाचेच ते बोलीतले आखूड झालेले रूप. चौदाव्या शतकापासून ते इंग्रजीत सापडते. पेरिलसमधला मधला स्वर गळला आणि 'पेर'चा 'पार' झाला.

'ई-आर' लिहायचे आणि 'आर' म्हणायचे, ही त्या काळच्या इंग्रजीची खोड होती आणि तिचा पुरावा मराठीत आजही आहे. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे 'क्लर्क' व्हायला हवे, पण मराठी माणूस 'क्लार्क' म्हणतो. ब्रिटिश साहेब तसाच उच्चार करत. 'सार्जंट'च्या स्पेलिंगमध्येही 'एस'नंतर 'ई' आहे, पण उच्चार 'सा' होतो. युनिव्हर्सिटीचे 'व्हार्सिटी' झाले तेही याच वाटेने. फरक इतकाच की क्लार्कचे स्पेलिंग जुनेच राहिले आणि पार्लसने उच्चाराप्रमाणे नवे स्पेलिंग घेतले. म्हणून तो पेरिलसचा सख्खा भाऊ आहे हे पाहताक्षणी कळत नाही.

दोघांचे मूळ लॅटिन 'पेरिक्युलम' या शब्दात आहे. त्याचा पहिला अर्थ होता प्रयत्न, कसोटी. करून पाहण्यात धोका असतो, म्हणून पुढे धोका हा अर्थ आला. एक्स्पिरिअन्स, एक्स्पेरिमेंट आणि एक्स्पर्ट हे शब्द याच कुळातले.

शेक्सपिअरच्या काळात पार्लस चांगला रुळलेला होता. 'ॲज यू लाइक इट' या नाटकातला विदूषक एका मेंढपाळाची चेष्टा करताना त्याच्या अवस्थेला हेच विशेषण लावतो. तेव्हा त्याला आणखी एक अर्थही होता, 'भलताच चलाख'. 'रिचर्ड तिसरा' या नाटकात छोट्या राजपुत्राबद्दल तो त्या अर्थाने येतो. मराठीत 'पोरगा भारी डेंजर आहे' असे कौतुकाने म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आजच्या इंग्रजीत हा दुसरा अर्थ उरलेला नाही.

कशाला लावतात, कशाला नाही

आज पार्लस ठरावीक नामांबरोबरच येतो. स्टेट, कंडिशन, सिच्युएशन, पोझिशन, फायनान्सेस, टाइम्स ही त्यातली मुख्य. म्हणजे अवस्था, परिस्थिती, आर्थिक स्थिती आणि काळ. वस्तूला, माणसाला किंवा जागेला तो थेट चिकटत नाही.

काही उदाहरणे:

• 'द बँक इज इन अ पार्लस स्टेट.' बँक डबघाईला आली आहे.

• 'द पार्लस फायनान्सेस ऑफ द म्युनिसिपल कौन्सिल.' नगरपरिषदेची हलाखीची आर्थिक स्थिती.

• 'द पार्लस कंडिशन ऑफ द ओल्ड ब्रिज.' जुन्या पुलाची शोचनीय अवस्था.

• 'दीज आर पार्लस टाइम्स फॉर स्मॉल फिशरमेन.' लहान मच्छीमारांसाठी हा बिकट काळ आहे.

आता चुकीचे किंवा कानाला खटकणारे प्रयोग. 'पार्लस ब्रिज' म्हणत नाहीत, पुलाची 'कंडिशन' पार्लस असते. 'पार्लस डॉग', 'पार्लस ड्रायव्हर', 'पार्लस केमिकल' हेही चालत नाही. कुत्रा आणि ड्रायव्हर डेंजरस असतात, केमिकल हॅझर्डस असते. लक्षात ठेवायची खूण सोपी आहे. मराठी वाक्यात 'अवस्था' हा शब्द आणता येत असेल तरच पार्लस बसतो.

हा शब्द लिखाणातला आहे, बोलण्यातला नाही. ब्रिटिश इंग्रजीत आणि भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत तो जास्त दिसतो. थोडा जुन्या वळणाचा, थोडा अग्रलेखी. मित्राला पाठवायच्या मेसेजमध्ये तो वापरला तर लिहिणारा गंमत करतो आहे असेच वाटेल.

मराठीत नेमके काय म्हणावे?

'धोकादायक अवस्था' हे भाषांतर टाळलेले बरे. मराठीत यासाठी जास्त नेमके शब्द तयार आहेत आणि संदर्भ बदलला की तेही बदलतात.

पैशाचा विषय असेल तर 'डबघाईला आलेली' किंवा 'हलाखीची'. दोन्हींत फरक आहे. संस्था, कारखाना, बँक डबघाईला येते. माणसाची, कुटुंबाची परिस्थिती हलाखीची असते. इमारत, शाळा, रस्ता, नदी यांच्यासाठी 'शोचनीय' किंवा 'दयनीय'. जुन्या मराठी वृत्तपत्रांत 'शोचनीय अवस्था' हा शब्दप्रयोग नेहमीचा होता आणि पार्लसला तो सर्वांत जवळचा आहे. वाट काढणे कठीण झाले आहे असे सुचवायचे असेल तर 'बिकट'. 'नाजूक' हा शब्द आजारी माणसाच्या प्रकृतीसाठी राखून ठेवावा, नाहीतर अर्थ दुसरीकडेच जातो.

शेजारचे शब्द: डेंजरस, हॅझर्डस, पेरिलस, प्रिकेरियस

पार्लसची जागा नीट कळण्यासाठी त्याच्या आसपासचे चार शब्द पाहिले पाहिजेत.

*डेंजरस* हा सर्वांत ऐसपैस शब्द. वस्तू, माणूस, जागा, कृती, कशालाही चालतो. 'डेंजर' या शब्दाचा जुना अर्थ होता सरदाराची सत्ता. एखाद्याच्या 'डेंजर'मध्ये असणे म्हणजे त्याच्या ताब्यात असणे. तो आपले वाईट करू शकतो, यावरून धोका हा अर्थ आला.

*हॅझर्डस* हा शब्द फाशांच्या खेळातून आला. 'हॅझर्ड' हे एका जुन्या जुगाराचे नाव होते. आज मात्र त्यात नशिबाचा भाग उरलेला नाही, तो पक्का कायदेशीर शब्द झाला आहे. डिसेंबर १९८४ मधल्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात 'हॅझर्डस प्रोसेस' म्हणजे धोकादायक प्रक्रियांवर वेगळे प्रकरण जोडले गेले. अशा कारखान्याने कामगारांना आणि आसपासच्या लोकवस्तीला धोक्यांची माहिती द्यायची, हे त्यात आले. १९८९ साली धोकादायक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम झाले. त्यात रसायनांची यादी आणि किती टन साठ्याला कोणती बंधने, हे ठरवून दिले आहे. टाकाऊ पदार्थांसाठी २०१६ चे नियम आहेत. म्हणजे तारापूरच्या वसाहतीत एखादे पिंप 'हॅझर्डस वेस्ट'चे आहे असे म्हटले की ते कुणाचे मत नसते. ते नियमातल्या यादीशी ताडून पाहता येते.

या शब्दामागे काय असते हे बोईसर परिसराने पाहिले आहे. ११ जानेवारी २०२० रोजी तारापूर औद्योगिक क्षेत्रातल्या एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा मृत्यू झाला.

*पेरिलस* हा प्रवासाचा आणि कृतीचा शब्द. वाट पेरिलस असते, चढाई पेरिलस असते. उमरोळी स्थानकात पादचारी पूल टाळून रूळ ओलांडणे हे पेरिलस. विरार ते डहाणू मार्गावर लोकलबरोबरच मुंबईहून गुजरात आणि दिल्लीकडे जाणाऱ्या वेगवान गाड्या धावतात आणि त्यातल्या बहुतेक उमरोळीला थांबत नाहीत. रूळ स्वतः पेरिलस नसतात, ते ओलांडणे पेरिलस असते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार तो गुन्हाही आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

*प्रिकेरियस* म्हणजे डळमळीत, भरवसा नसलेला. त्याचे लॅटिन मूळ 'विनवणी करून मिळवलेले' असे आहे. दुसऱ्याच्या मर्जीवर टिकलेली गोष्ट ती प्रिकेरियस. कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचे उदाहरण घेतले तर फरक चटकन कळतो. तो ज्या टाकीजवळ काम करतो ते काम हॅझर्डस. ठेकेदार उद्या बोलावेल की नाही हे माहीत नसलेली त्याची नोकरी प्रिकेरियस. आणि तीन महिने पगार थकल्यावर त्याच्या घरखर्चाची जी स्थिती होते, ती पार्लस. एकाच माणसाच्या आयुष्यातले हे तीन वेगळे धोके आहेत. मराठीत तिन्ही ठिकाणी 'धोक्यात' म्हटले तर नेमके कोणत्या गोष्टीवर उपाय हवा हे कळत नाही.

मोजलेला धोका आणि मताचा धोका

पार्लस आणि प्रिकेरियस यांना आकडा नसतो. किती टक्के तोटा झाला की बँक 'पार्लस' होते, असा नियम कुठेही नाही. लिहिणाऱ्याने परिस्थिती पाहून केलेला तो निवाडा असतो. उलट काही विशेषणे साधी दिसतात, पण त्यांच्यामागे ठरलेले माप असते. सोशल मीडियावर बातमी वाचताना ही दोन घरे वेगळी ठेवता आली पाहिजेत.

*क्रिटिकली पोल्युटेड.* केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक क्षेत्रांना हवा, पाणी आणि जमीन यांच्या प्रदूषणावरून गुण देते. ७० च्या वर गुण म्हणजे 'क्रिटिकली पोल्युटेड', ६० ते ७० म्हणजे 'सिव्हियरली पोल्युटेड'. तारापूरला २००९ मध्ये ७२.०१ गुण होते. २०१८ च्या यादीत ९३.६९ गुणांसह तारापूर देशात पहिल्या क्रमांकावर होते. मधल्या काळात गुण देण्याची पद्धत बदलली, त्यामुळे दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करू नये. पण दोन्ही वेळा क्षेत्र ७० च्या वरच होते. इथे 'क्रिटिकली' हा शब्द भावनेच्या भरात लिहिलेला नाही.

*सिव्हियर आणि हॅझर्डस हवा.* मोबाइलवरची काही परदेशी ॲप ३०० च्या वरच्या हवा निर्देशांकाला 'हॅझर्डस' म्हणतात. ती अमेरिकेची श्रेणी आहे. भारताच्या निर्देशांकात हा शब्दच नाही. इथे ३०१ ते ४०० म्हणजे 'व्हेरी पुअर' आणि ४०१ ते ५०० म्हणजे 'सिव्हियर'. दोन्हींची गणितेही वेगळी असल्याने एकाच दिवशी एकाच ठिकाणच्या हवेला दोन आकडे आणि दोन विशेषणे मिळू शकतात. स्क्रीनशॉट पुढे पाठवण्यापूर्वी तो कोणत्या मापाचा आहे हे पाहणे आवश्यक आहे.

*रफ समुद्र.* सातपाटीसारख्या बंदरांतल्या मच्छीमारांसाठी हवामान खात्याचे इशारे येतात. त्यातला 'रफ' म्हणजे साधारण अडीच ते चार मीटर उंचीच्या लाटा आणि 'व्हेरी रफ' म्हणजे चार ते सहा मीटर. होडी लोटायची की नाही हे त्या एका 'व्हेरी'वर ठरू शकते.

*डेंजर आणि वॉर्निंग.* रसायनांच्या पिंपांवरच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या लेबलवर इशाऱ्याचे दोनच शब्द असतात. जास्त तीव्र धोक्याला 'डेंजर' आणि त्याहून कमी धोक्याला 'वॉर्निंग'. एकाच पिंपावर दोन्ही लिहीत नाहीत.

*अतिधोकादायक.* मराठीतही असे मोजलेले विशेषण आहे. राज्यातल्या महापालिका इमारतींची वर्गवारी करतात तेव्हा सी-१ म्हणजे 'अतिधोकादायक', राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करण्याची इमारत. त्याखालच्या वर्गांत दुरुस्तीला वाव असतो. अशा इमारतीवरच्या पाटीतला 'अति' हा शब्द जोर देण्यासाठी नसतो, तो वर्ग सांगतो.

'क्रिटिकल' ऐकून घाबरू नये अशी एक जागा

तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली व्यावसायिकरीत्या सुरू झाले. पुढे ५४० मेगावॉट क्षमतेचे आणखी दोन संच आले. त्यातला चौथा संच मार्च २००५ मध्ये आणि तिसरा मे २००६ मध्ये 'क्रिटिकल' झाला. रुग्णालयात एखादा रुग्ण 'क्रिटिकल' आहे म्हटले की नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकतो. अणुभट्टी 'क्रिटिकल' झाली याचा अर्थ उलट आहे. आतली साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर, एकसारख्या गतीने चालू झाली, म्हणजे भट्टी काम करू लागली. वीज तयार होण्याच्या वाटेवरचा तो अपेक्षित टप्पा असतो. 'रिॲक्टर क्रिटिकल' एवढेच शब्द उचलून कुणी खळबळजनक पोस्ट केली, तर त्यात धोक्याची बातमी नाही.

'इनफ्लेमेबल' वाचून गाफील राहू नये अशी एक जागा

अहमदाबाद महामार्गावरून बोईसरकडे वळणाऱ्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेले असते. इंग्रजीत 'इन' लावले की पुष्कळदा उलटा अर्थ होतो, जसे करेक्ट आणि इनकरेक्ट. त्यामुळे इनफ्लेमेबल म्हणजे पेट न घेणारा, असा समज होतो. हा समज जीवघेणा आहे. इथे 'इन' म्हणजे 'आत'. 'आग लावणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून हा शब्द आला आहे. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ ज्वालाग्राही, सहज पेट घेणारा. गोंधळ टाळण्यासाठी विसाव्या शतकात अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' हेच रूप वापरण्याचा आग्रह धरला. भारतीय टँकरवर मात्र जुने रूपही दिसते. न पेटणाऱ्या पदार्थासाठी शब्द आहे 'नॉन-फ्लेमेबल'.

टँकरवर या शब्दाशिवाय एक चौकोनी माहितीफलकही असतो. त्यावर चार अंकी युनायटेड नेशन्स क्रमांक, आपत्कालीन सांकेतिक अक्षरे, धोक्याचे चित्र आणि फोन नंबर असतात. पेट्रोलचा क्रमांक १२०३, क्लोरीनचा १०१७, अमोनियाचा १००५. अपघात झाला तर लांबूनच हा क्रमांक वाचून अग्निशमन दलाला सांगणे हे कोणत्याही विशेषणापेक्षा उपयोगी पडते.

मग पार्लस कुठे वापरावा?

जिथे माप सांगून झाले आहे आणि आता त्याचा एकत्रित अर्थ सांगायचा आहे, तिथे. तारापूरजवळचा समुद्र हे त्याचे चांगले उदाहरण. औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. त्याचा मासेमारीवर परिणाम होतो अशी किनाऱ्यावरच्या गावांची तक्रार आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक उद्योगांना पर्यावरण भरपाई भरण्याचा आदेश दिला.

यावर इंग्रजीत लिहिताना सांडपाण्यातल्या घटकांना 'हॅझर्डस' म्हणता येईल, पण त्यासाठी तपासणीचा अहवाल हवा. क्षेत्राला 'क्रिटिकली पोल्युटेड' म्हणता येईल, कारण तसा गुणांक आहे. आणि जाळ्यात काय येते, घर कशावर चालते, पुढची पिढी समुद्रात जाईल का, हे सगळे मिळून लहान मच्छीमाराच्या धंद्याची जी अवस्था होते, तिला 'पार्लस' म्हणता येईल. पहिल्या दोन शब्दांना पुरावा मागितला जाईल. तिसऱ्या शब्दाशी कुणी असहमत होऊ शकेल, पण तो आधीच्या दोन शब्दांच्या आधारावर उभा असेल तर त्याला वजन येते. नुसताच पार्लस लिहिला आणि मागे आकडा, दिनांक, ठिकाण काहीच नसेल, तर ती फक्त भारी इंग्रजी होते.

पोस्ट किंवा तक्रार लिहिताना

प्रसंग तातडीचा असेल तर पार्लस, पेरिलस असले शब्द बाजूला ठेवावेत. उग्र वास आला, धूर दिसला, तर पोस्टमध्ये चार गोष्टी हव्यात: नेमके ठिकाण, वेळ, काय दिसते किंवा कशाचा वास येतो, आणि वारा कोणत्या दिशेला वाहतो आहे. 'बोईसरमध्ये भयंकर परिस्थिती' या वाक्याने फक्त घबराट पसरते. पोस्ट लिहिण्याआधी ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ क्रमांकावर फोन करणे महत्त्वाचे. वायुगळतीत वाऱ्याच्या प्रवाहाबरोबर पळू नये. वाऱ्याला आडवे जाऊन आधी त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि प्रशासनाच्या सूचना पाळाव्यात.

तक्रार अर्जात 'डेंजरस' या मोघम शब्दापेक्षा नियमातला शब्द उपयोगी ठरतो. उघड्यावर टाकलेल्या रासायनिक गाळाला 'हॅझर्डस वेस्ट' म्हटले की अर्ज कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या कार्यालयाकडे जायला हवा हे ठरते. 'पार्लस' लिहिला तर अधिकाऱ्याला त्यावर कोणती कारवाई करायची हे कळणार नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पार्लस आणि पेरिलस एकच आहेत का?*
मूळ एकच, वापर वेगळा. पेरिलस बहुधा प्रवासाला आणि कृतीला, पार्लस अवस्थेला.

*रुग्णाच्या प्रकृतीसाठी पार्लस चालेल का?*
व्याकरणाने चालेल, पण प्रघात नाही. 'क्रिटिकल' किंवा 'सीरियस' म्हणतात. हे शब्द डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पोस्टमध्ये लिहू नयेत.

*निबंधात किंवा स्पर्धा परीक्षेत वापरावा का?*
'पार्लस स्टेट' हा जोडशब्द योग्य जागी एकदा वापरला तर चांगला दिसतो. वस्तूला किंवा माणसाला लावला तर चूक धरली जाईल.

*पार्लसचे क्रियाविशेषण आहे का?*
'पार्लसली' असे रूप शब्दकोशांत आहे, पण प्रत्यक्षात फारसे कुणी वापरत नाही.

*पार्लसच्या विरुद्ध अर्थाचा शब्द कोणता?*
अवस्थेबद्दल बोलताना 'साउंड', 'स्टेबल' किंवा 'सिक्युअर'. मराठीत सुस्थितीत, भक्कम. बँकेबद्दल असेल तर सुदृढ.